तांबड्या गाईची चौकशी

बापाला मी पहिल्यांदा पाहिलं ते माझ्या ऐंशीव्या वर्षी, गावच्या शाळेच्या भिंतीवर. महायुद्धात इटलीत लढणाऱ्या जवानांचे निरोप, त्यांच्या गावात दाखवायचे म्हणून, फिल्मवर घेतले होते. ते डबे कुठल्याशा गोदामातच राहिले आणि आत्ता सापडले. बाप तर परतलाच नाही.

भिंतीवर विशीतला एक पोरगा टोपी सावरत उभा राहिला. आईवडिलांना दंडवत सांगून त्याने चुलत्यांची, बैलांची, विहिरीच्या पाण्याचीसुद्धा खुशाली विचारली. मग जरा अडखळला.

"तांबडी गाय गाभण हाय, तिला जपा. उन्हातान्हात धाडू नका. तिला म्हणावं, येतो मी."

संपलं. मी चिडलोच. "गाईलासुद्धा निरोप! आणि तुझी साधी चौकशी नाही?"

शेजारी बसलेली सत्त्याण्णव वर्षांची माझी आई तोंडाला पदर लावून हसत होती. डोळे मात्र भिंतीवरून हलत नव्हते.

"साऱ्या गावासमोर बायकोचं नाव कसं घेतील? आन् आपल्यात गाय कधी हुती रं? तवा माझ्या पोटात तू हुतास."