रबराला टेकेपर्यंत

"आरशात किती वेळ बघायचं माणसाने. लग्नाला निघालीयस की माल उतरवायला?"

नवरा पुटपुटला तो सीटमागच्या झोपायच्या फळीवरून. मांडी घालून, मान वाकवून तो तिथे कसाबसा मावला होता. गप्प बसायच्या अटीवरच उस्तादांनी त्याला केबिनमध्ये चढू दिलं होतं. पण अट घालणं वेगळं आणि नवऱ्याने ती पाळणं वेगळं.

"अहो," ती आरशावरची नजर न काढता म्हणाली, "तुम्ही जरा आडवे होता का?"

शेजारच्या सीटवरचे उस्ताद खिडकीबाहेर बघून हसले. त्यांचं शिकवणं संपलं होतं. आता परीक्षा. दोन उभ्या ट्रकांच्या मधोमध, गोदामाच्या रिकाम्या दाराशी हा लांबलचक ट्रेलर मागे घेऊन लावायचा. मागचं टोक माल उतरवायच्या धक्क्याच्या काळ्या रबराला टेकलं की नोकरी तिची, नवऱ्याच्याच गाडीवर, दुसरी ड्रायव्हर म्हणून. शेजारच्या ट्रकला नुसता ओरखडा आला तरी सरळ घरी.

धक्क्यावरचे हमाल हातगाड्या टाकून बघायला जमले होते. मुकादमाने तर खुर्चीच आणवली होती.

या धक्क्याची एक गंमत होती. नवरा इतकी वर्षं गाडी चालवत होता. धुकं असो, चिखल असो, त्याचा हात कधी डगमगला नाही. पण धक्का जवळ आला की नेमकी त्याची कंबर धरायची, नाहीतर कुठल्यातरी कागदावर सही राहिलेली असायची. मग तो लगबगीने उतरायचा, दुसरा कोणीतरी चढायचा आणि ट्रेलर लावून द्यायचा. सगळ्यांना ठाऊक होतं, पण अळीमिळी गुपचिळी. शिकायला लागल्यावर तिच्याही ते ध्यानात आलं होतं. ती घरी एक अक्षर बोलली नव्हती.

तिने रिव्हर्स टाकला. स्टेअरिंग खालच्या बाजूने धरलं. उस्तादांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, वरून धरलंस तर शेपूट भलतीकडे पळतं. खालून धर, म्हणजे हात जाईल तिकडे शेपूट जाईल. ट्रेलर हळूहळू सरकायला लागला.

"डावीकडे घे," मागून आवाज आला. "अगं, डावीकडे घे."

तिने ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला आणि दार उघडून ती खाली उतरली.

हमालांत खसखस पिकली. इथे कोणी उतरून बघत नसे. उतरला तो कच्चा, असाच रिवाज.

"वहिनी, माप घेताय का?" एकाने विचारलं. "पडदे शिवायचेत?"

"शिवते की. आधी तुझ्या तोंडाचं माप दे."

ती चालत मागे गेली. डाव्या ट्रकचा आरसा आणि तिचा ट्रेलर यांच्यात जेमतेम वीतभर जागा होती. डावीकडे घेतला असता तर आरशाचा चुरा झाला असता. ती परत चढली, गाडी जरा पुढे काढून सरळ केली आणि पुन्हा मागे घ्यायला लागली.

उजवा आरसा. डावा आरसा. परत उजवा.

आणि मग पाठीला एक बारीकसा हिसका बसला. रबर.

मुकादम खुर्चीवरून उठला. हमालांनी ट्रेलरच्या पत्र्यावर थापा मारून असा गदारोळ केला की शेजारच्या ट्रकमधला झोपलेला ड्रायव्हर डोळे चोळत बाहेर आला. उस्तादांनी खिशातून गाडीची दुसरी किल्ली काढली आणि तिच्या हातावर ठेवली.

"सोमवारी वेळेवर ये. ताई नाही म्हणणार आता, ड्रायव्हर म्हणणार."

ती खाली उतरली तेव्हा हसू काही केल्या आवरत नव्हतं. तिच्यामागून नवरा उतरला, सावकाश, कंबरेला हात न लावता.

मुकादम मोठ्या मनाचा माणूस. "काय दादा," तो म्हणाला, "अशी लावायला वहिनींना शिकवलं कोणी? तुम्हीच ना?"

हमाल आपापल्या चपलांकडे बघायला लागले. उस्तादांना एकाएकी टायरची हवा तपासावीशी वाटली.

"हो, यांनीच तर..." तिने तोंड उघडलं.

"मी कसला शिकवतोय," नवरा म्हणाला. "मला मागे घेताच येत नाही."