घराचा वाटा

"बसा ना, उभ्या का?" असं म्हणत दत्ताराम चितारींनी स्टूल पुढे सरकवलं, तेव्हा हेमांगीला वाटलं, बाबांनी आपल्याला ओळखलंच नाही.

"बाबा, मी हेमा."

"ओळखलं की. तुम्ही माझी मुलगी," ते हसून म्हणाले आणि लाकडी आंब्यावर पिवळा रंग चढवू लागले.

चार वर्षांपूर्वी ती भांडून घर सोडून गेली होती. आज माफी मागायला म्हणून दिवसभर प्रवास करून ती सावंतवाडीला आली होती.

बाबांनी कानामागचा बारीक व्रण दाखवला. "गेल्या वर्षी मेंदूचं हे छोटं ऑपरेशन करून घेतलं. काम चांगलं चाललं होतं, तब्येत ठणठणीत, मित्र रोज यायचे. पण तुम्ही गेल्याच्या दुःखापुढे काहीच गोड लागेना. डॉक्टर म्हणाले, तुमच्या समाधानातला घराचा वाटा शून्य करून टाकू, म्हणजे घरच्या माणसांचं सुखही नाही नि दुःखही नाही. तेव्हापासून शांत झोप लागते."

"पुन्हा पूर्वीसारखं करता येतं ना?"

"येतं. माझी सही लागते. पण मला कसलीच उणीव वाटत नाही, मग सही कशासाठी करू?"

तोंडपाठ केलेली माफी ऐकून बाबांना आता काहीच वाटणार नाही, हे हेमांगीला कळलं. रडायचंही त्राण तिच्यात नव्हतं.

"फार थकलेल्या दिसता," बाबा आपुलकीने म्हणाले. "तुम्हीही करून घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे."

"नको बाबा," ती म्हणाली. "आपल्या दोघांत एकाला तरी दुखू दे."

मग तिने पिशवी आत नेऊन ठेवली आणि दोघांपुरता भात लावला.