चौथा बोल्ट

तीन बोल्टांनी फिटरला घाम फोडला. तेल पाजलं, आच दिली, हातोडीनं ठोकलं. एकाचं डोकंच तुटलं. बोटीवरची दोर बांधायची खुंटी बदलली तरच गिऱ्हाईक बोट नेणार होतं. चौथा बोल्ट मात्र नुसत्या हातानं फिरला. “ताई, याला कुणीतरी नेमानं तेल घालतंय.” मी चक्रावले. घरात आम्ही दोघीच. बाबा गेल्यापासून नऊ वर्षं आईला या बोटीच्या शेडकडे फिरकताना पाहिलं नव्हतं. वळले तर ती दारात. “तू? कशासाठी?” “खुंटी बसवताना हे म्हणाले, एवढा एक राहिलाय, चहा घेऊन आवळतो. चहा संपण्याआधीच गेले. गंजला असता तर त्यांना जड गेलं असतं.” “अगं, पण बोट तूच विकतेयस!” “तेच मला कळत नाही.” फिटरनं नवी खुंटी ठेवून तीन नवे बोल्ट आवळले. “चौथाही आवळू?” “थांबा,” आई म्हणाली, “आधी चहा घ्या.”