बाजूचं फाटक

मोबाइलवर पुन्हा तेच आलं. बोटीच्या राइडचे सगळे स्लॉट भरले होते.

गोपालने स्क्रीन खाली ओढून परत पाहिलं. भरलेले ते भरलेलेच. साध्या रांगेचं शेपूट तर पार आइस्क्रीमच्या दुकानाला वळसा घालून गेलं होतं. सकाळी पार्कमध्ये आल्यापासून एक आकाशपाळणा सोडला तर लेकीच्या, शीतलच्या, वाट्याला काही आलं नव्हतं. आता ती हट्ट करायचीही थांबली होती, आणि तेच गोपालला जास्त लागत होतं.

"मी म्हणत होते, घरूनच बुकिंग करा," चंचल म्हणाली.

गोपालने बायकोकडे न बघता मोबाइल खिशात टाकला. पलसाण्याच्या कापड रंगवायच्या डाइंग मिलमधून असा मोकळा दिवस क्वचितच मिळे. लिंबायतहून रिक्षा निघाली तेव्हा त्याने लेकीला शब्द दिला होता, बोटीत बसवणार म्हणजे बसवणार.

त्याची आई, भागीरथीबाई, कडेच्या ओट्यावर टेकली होती. रिक्षातून उतरल्यापासून ती सुनेच्या खांद्याला धरूनच चालत होती. गर्दीत चुकायला नको, असं तिनेच सांगितलं होतं.

तेवढ्यात बोटीच्या बाजूचं लहान फाटक उघडलं. एका म्हाताऱ्याची व्हीलचेअर आत गेली आणि तिच्यामागे त्याचं सगळं घर आत गेलं. रांग नाही, स्लॉट नाही.

गोपाल आईजवळ वाकला. "माय, थोडा वेळ तशा खुर्चीत बसशील? चालता येत नाही म्हणून सांगू."

"काहीतरीच काय!" चंचल म्हणाली. "धडधाकट माणसाला खुर्चीत बसवायचं?"

भागीरथीबाईने नातीकडे पाहिलं. "बसस ना. माले काय व्हनार शे?"

ती रागवेल असं गोपालला वाटलं होतं. लहानपणी तो खोटं बोलला की हीच माय त्याला उंबऱ्याबाहेर उभं करायची. आता एका शब्दात तयार झाली. नातीच्या मायेपुढे माणूस काय काय करतं, असं मनाशी म्हणत तो काउंटरकडे गेला.

"माँजी बिलकुल नहीं चल पातीं?" काउंटरवरच्या मुलीने विचारलं.

"नहीं," गोपाल फरशीकडे बघत म्हणाला.

मुलीने स्वतः खुर्ची आणली. भागीरथीबाईच्या मनगटावर पिवळी पट्टी बांधली, लुगड्याचा काठ चाकात जाऊ नये म्हणून नीट आत खोचला. तिने दोन संशयाचे प्रश्न विचारले असते तर गोपालला बरं वाटलं असतं.

बोटीची व्हीलचेअरवाल्यांसाठीची दुपारची फेरी नुकतीच सुटली होती. पुढच्या फेरीपर्यंत ते दुसऱ्या राइडकडे वळले. भुताची गुहा झाली, झुकझुक गाडी झाली. प्रत्येक ठिकाणी माणसं बाजूला होत. एका बाईने तर आपल्या पोरांना मागे ओढून वाट करून दिली. शीतल खिदळत होती. गोपाल मान खाली घालून खुर्ची ढकलत होता.

बोटीच्या फाटकाशी ते पोचले, तेव्हा मागून आणखी एक खुर्ची आली. तिच्यात बारा-तेरा वर्षांची मुलगी होती. तिच्या काटकुळ्या पायांना पट्टे बांधलेले होते. खुर्ची तिचा बाप ढकलत होता.

"बोट में एक ही व्हीलचेअरवाले की जगह है," फाटकावरचा माणूस म्हणाला. "ये लास्ट राउंड है. फिर बंद."

गोपालने मागे पाहिलं. मुलीच्या बापाने त्यांचं मराठी ऐकलं असावं.

"जावा दादा तुम्ही," तो म्हणाला. "मी किसन, नांदेडकडला. आमची मयुरी येईल पुन्हा कधी. आजीला या वयात कुठलं पुन्हा?"

मागे सरायला हवं होतं. तोंडापर्यंत शब्द आलेही होते. पण शीतलने बोटीचा दांडा धरला होता, आणि गोपालने खुर्ची पुढे ढकलली.

किसन एवढ्यावर थांबला नाही. तो पुढे झाला आणि गोपालबरोबर त्याने भागीरथीबाईला उचलून बोटीत बसवलं. तिने सगळा भार त्यांच्यावर टाकला होता. माय जरा जास्तच वठवतेय, असं वाटून गोपालचे कान तापले.

"आजी, तुझी चप्पल पडली," शीतल म्हणाली.

"पडनी का?" भागीरथीबाईने खाली पाहिलं. "बरं, दे."

बोट कड्यावरून खाली कोसळली, पाणी अंगावर उडालं, शीतल आनंदाने किंचाळली. गोपालला मात्र फाटकाबाहेर थांबलेली ती मुलगीच दिसत होती. ती रडली नव्हती. उलट तिने शीतलला हात हलवून टाटा केला होता.

बाहेर पडायच्या दरवाजाशी किसन आणि मयुरी पुन्हा दिसले. दोघं मिळून एक कणीस खात होते. चंचलने गोपालची बाही ओढली, पण तो खुर्ची ढकलत थेट त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"दादा, मी खोटं बोललो," तो म्हणाला. "माझी माय चांगली चालते. रांग चुकवायला मी तिला खुर्चीत बसवलं. तुमच्या पोरीची जागा आम्ही खाल्ली."

किसनने गोपालकडे पाहिलंही नाही. तो भागीरथीबाईकडे बघत राहिला.

त्या नजरेने गोपाल आणखी शरमला. याने चार शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं.

"माय, ऊठ," तो म्हणाला. "यांच्यासमोर उभी राहा. माझं खोटं मलाच फेडू दे."

भागीरथीबाईने खुर्चीच्या दोन्ही हातांवर जोर दिला. कोपरं थरथरली. ती वीतभर उचलली गेली आणि परत खाली बसली.

"पुरे ना, माय! आता कशाला नाटक?"

भागीरथीबाईने पदर डोक्यावर ओढून घेतला आणि लेकाकडे न बघता ती हळूच म्हणाली,

"नाटक तर मी घरमा करस, भाऊ. दिवाळीपाईन पाय मनं ऐकतस नही, भिंत धरी धरी चालस. आज एक दिन ते करनं पडनं नही."