कावळा लगेच शिवला

धाकट्या सुमनचं लग्न झालं, त्या वर्षी गावच्या दवाखान्यात संमोहनाचं यंत्र आलं आणि येसूबाईनं हट्टानं नवऱ्याला त्याखाली बसवलं. रखमाजी धुमाळांची बिडीची तलफ एका बैठकीत गेली. पुढे मात्र त्यांनी कधी चहा मागितला नाही, की माहेरी आलेल्या सुमनला 'राहा' म्हटलं नाही. वाढलं तर जेवायचे, नाही तर तसेच बसून राहायचे.

ते गेल्यावर दहाव्याला नदीकाठी पिंड मांडला. धाकट्या दिरानं, भिकूनं, शेजारी बिडी पेटवून ठेवली.

"कावळा खोळंबला, तर तुम्हीच शब्द द्या वहिनी. दादाचा जीव कशात अडकलाय ते तुम्हालाच ठावं."

येसूबाईला तेच हवं होतं. त्यांचं काही राहिलं असेल, तर ते पुरं करीन, एवढं एकदा म्हणायचं होतं. तिनं हात जोडले, तोवर कावळ्यानं पिंड उचललाही.

"सुटला दादा," भिकू म्हणाला. "ते यंत्र आल्यापासून गावात कुणाचाच कावळा थांबत नाही. आमच्या आबांच्या वेळी वाट बघता बघता दुपार झाली होती."

येसूबाईचे हात तसेच जोडलेले राहिले.

"त्यांना काही नकोच होतं," ती म्हणाली.

दवाखान्याच्या नोंदीत रखमाजी धुमाळ वारले ते पौष वद्य नवमीला, मंगळवारी सकाळी.