खापरपणजोबांची पाठ

जुनी चित्रं दुरुस्त करणाऱ्या सोन-ग्यॉंगने चित्र टेबलावर पालथं घातलं आणि मागचा जुना कागद भिजवून सोलायला घेतला. कोरियातल्या आन्दोंग गावच्या ग्वाक घराण्यातल्या एका मंत्र्याचं ते रेशमावरचं चित्र, दोनशे वर्षांपूर्वीचं. परवाच्या श्राद्धाला ते भिंतीवर लागायलाच हवं होतं.

त्या काळचे चित्रकार चेहऱ्याचा रंग रेशमाच्या मागून भरत. त्यामुळे कागद निघाला की पुसट गाल आणि कपाळ दिसतं, हे तिला वीस वर्षांच्या सवयीनं ठाऊक होतं.

कागद निघाला. त्याच्याखाली चेहरा नव्हता, मागून दिसणारी मान होती. वर दरबारी टोपीची मागची बाजू, खाली अंगरख्याची पाठ. दोन्ही खांदे रेशमाच्या काठांना टेकलेले.

दुपारी घराण्यातले थोरले, ग्वाक आजोबा, काम बघायला आले. "अगं, आमच्या खापरपणजोबांना पालथं पाडलंस की!" असं म्हणत ते वाकले आणि त्यांचं हसू मावळलं.

"राजाला कधी पाठ दाखवायची नसते. उलट्या पावलांनी बाहेर यायचं," ते हळूच म्हणाले. "हे मात्र एकदा भर दरबारात पाठ फिरवून चालते झाले. त्यापायी हद्दपारी आली."

"चेहरा सुलट बाजूला आहे, आजोबा. सकाळी मीच त्यावरची धूळ झाडलीय."

"मग दाखव."

दोघांनी कोपरे धरून रेशीम अलगद उलटलं.

इकडेही पाठच होती. फक्त ती आता थोडी लहान झाली होती; खांदे काठांपासून बोटभर आत गेले होते.