तिसरीची निवडणूक

कानडी मुलखातल्या हिनकल गावच्या शाळेत वनजाबाईंनी तिसरीच्या मुलांना निवडणूक शिकवली ती प्रत्यक्ष मतदान घेऊनच. बिस्किटाच्या डब्यात चिठ्ठ्या पडल्या आणि फुलवालीची कमलाक्षी वर्गाची मॉनिटर झाली. बाईंनी तिच्या फ्रॉकला बिल्ला लावला. दुसऱ्या दिवशी दत्तोजीराव तणतणत वर्गात शिरले. शाळेला जागा त्यांनीच दिलेली, आणि हरलेला यशवंत त्यांचा नातू. “नोडी, बघा बाई, पोरखेळ पुरे झाला. तो बिल्ला माझ्या नातवाला लावा.” बाईंची नोकरी अजून कायम झालेली नव्हती. तरी त्या कमलाक्षीच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. “रावसाहेब, हिला मुलांनी निवडलंय. ते मोडायचा अधिकार मला नाही, तुम्हालाही नाही. उद्या मला काढलंत, तरी मॉनिटर हीच राहील.” यशवंत हळूच उभा राहिला. “अज्जा, घरी चला ना. मीपण तिलाच मत दिलं.”